फाटकापुढची पोसादा

एदेल्मिराला कुठली सेवा द्यायची, या प्रश्नावर आमच्या चर्चमधले भलेभले हात टेकून बसले होते. शेवटी ते लोढणं माझ्या गळ्यात आलं.

फादर विल्फ्रेदो आमच्या सांता रोसेन्दा गावात आले ते एक खूळ घेऊनच. चर्च म्हणजे एकटा फादर नव्हे, म्हणायचे. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला देवानं काही ना काही देणगी दिलेली असते. ती हुडकायची आणि त्या माणसाला त्या सेवेला लावायचं. "आणि हे हुडकायचं काम तुमचं, ओतिलियामावशी." माझंच का? तर चौकात माझी पुपुसांची गाडी आहे. मक्याच्या पिठात चीज भरून मी पुपुसा थापत असते, आणि सगळं गाव तव्यापुढं उभं राहून मला आपली गाऱ्हाणी सांगत असतं. कोणाच्या अंगात काय आहे ते मला फादरांच्या आधीपासून ठाऊक.

बाकीच्यांचं काही अवघड नव्हतं. सुतारानं बाकं ठोकून दिली. नर्स होती ती रविवारची मिस्सा-प्रार्थना झाल्यावर म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघू लागली. घोडं अडलं ते एदेल्मिरापाशी. गायनमंडळात घातली, तर भर मिस्सात गिटारवाल्याला म्हणाली, "तुझी गिटार बेसूर आहे." ती होतीही बेसूर, पण म्हणून असं ओरडून सांगतात का? पोरांना धर्मशिक्षण द्यायला पाठवली, तर पोरं राहिली बाजूला, त्यांच्या आयांशीच जुंपली. वेदीवरच्या फुलांचं काम दिलं, तर शिळ्या फुलांवरून फुलवाल्याशी इतकी भांडली की त्यानं चर्चला फुलं देणंच बंद केलं. मग सगळे म्हणाले, तिला सांगा, बाई गं, घरी बस आणि जपमाळ ओढ.

हे कानावर गेल्यावर ती तडक माझ्या गाडीवर आली. जन्मभर लोकांचे कपडे धुतलेली बाई. दंड बघाल तर दोन पुरुषांना पुरतील.

"ओतिलिया, मला एक सांग. देवानं प्रत्येकाला देणगी दिली म्हणता ना तुम्ही? मग मला काय दिली? हे तोंड? माझ्याकडे तेवढंच आहे. बंदच ठेवायचं होतं तर दिलं कशाला मग त्यानं?"

मी पुपुसा उलटली. मला उत्तर सुचत नव्हतं, आणि उत्तर सुचलं नाही की माझं डोकं फिरतं. तिला म्हटलं, जा आता, गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात रुबेनिया आली. रुबेनिया म्हणजे गायनमंडळातल्या शेवटच्या रांगेतली बाई. ती गाते की नुसते ओठ हलवते, हे शेजारचीलाही कळत नाही. नवरा कधीचाच गेलेला. एकुलता एक एल्मेर बेकरीत कामाला. उन्हाळ्यात गुंडांची धरपकड सुरू झाली तेव्हा पोलिसांनी त्याला बसथांब्यावरून उचललं, अंगावरचं पीठही झटकू दिलं नाही. त्याचा गुन्हा काय? तर नदीकाठच्या वस्तीत राहतो आणि दंडावर गुंडांसारखं गोंदण आहे. आणि गोंदण तरी कसलं? आईचं नाव! तेव्हापासून पोरगा टेकडीवरच्या तुरुंगात. भेट नाही, चिठ्ठी नाही. जिवंत आहे का एवढंसुद्धा कोणी सांगत नाही.

त्यात पोराला लहानपणापासून दमा.

"ताई, काल एकजण सुटून आलाय," रुबेनिया म्हणाली. तिचा आवाज ऐकायला मला तव्यावर वाकावं लागलं. "तो म्हणतो, शेवटच्या कोठड्यांत एक बेकरीवाला आहे. त्याला श्वास पुरत नाही. बसून बसून रात्र काढतो. आणि पंप संपलाय त्याचा."

"मग पंप दे ना पाठवून!"

"घेऊन जाते की. दर मंगळवारी फाटकाशी रांगेत उभी असते. एकदा म्हणाले, पिशवी पारदर्शक नाही. पारदर्शक नेली तर म्हणाले, डॉक्टरचं पत्र आण. ते नेलं तर म्हणाले, औषधांचा वार बदलला."

"आणि मग तू काय म्हणतेस त्यांना?"

"मी काय म्हणणार? बरं साहेब म्हणते. देव तुमचं भलं करो म्हणते आणि येते परत."

देव तुमचं भलं करो! पोरगा तिथं श्वासाला महाग झालाय आणि ही त्या मेल्यांना आशीर्वाद देऊन येतेय! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तव्यावरच्या पुपुसा करपल्या. आणि त्या खरवडून काढता काढता मला सुचलं. अगं बाई, एदेल्मिरा!

तिला बोलावून घेतलं. म्हटलं, "तुझी सेवा सापडली. मंगळवारी रुबेनियाबरोबर फाटकावर जायचं."

"जाऊन काय करू?"

"भांड."

तिनं कमरेवर हात ठेवले. "चेष्टा करतेस माझी?"

"चेष्टा कशाला करू? रुबेनियाला भांडता येत नाही, तुला गप्प बसता येत नाही. फादर म्हणतात ना, अंगात असेल ते देवाला द्या. तुझ्या अंगात भांडण आहे. ते दे."

माझा अंदाज होता की ती आता माझ्याशीच भांडेल. पण ती रडायला लागली हो! पदरासारखा तो ॲप्रन डोळ्यांना लावून, भर चौकात. आजवर प्रत्येकानं तिला गप्प बस म्हणूनच सांगितलं होतं, बोल म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. मलाही भरून आलं. आणि आपल्याला हे आधी का सुचलं नाही, म्हणून रागही आला.

मंगळवारी गेल्या दोघी. आणि सगळं मुसळ केरात! एदेल्मिरानं खिडकीवरच्या शिपायाला असा काही धारेवर धरला की रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शिपायानं खिडकी लावून घेतली. त्या दिवशी कोणाचीच पिशवी घेतली नाही. वर निरोप आला, ही बाई पुन्हा इथं दिसली तर रुबेनियाच्या पोराला कधीच काही मिळणार नाही.

रुबेनियानं मला एक शब्द ऐकवला नाही. पंप छातीशी धरून गाडीच्या मागं पायरीवर बसून राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी फादरांनी मला बोलावलं. चेहरा उतरलेला.

"मावशी, कमांडंटचा फोन आला होता. तुम्ही भांडायला माणसं पाठवलीत? मी सेवा म्हणालो होतो, सेवा! वाचन, आजाऱ्यांच्या भेटी, स्वयंपाक..."

"आजाऱ्याचीच भेट आहे ही. आजारी आत आहे, त्याला आम्ही काय करायचं?"

"उद्या ते तुरुंगात मिस्साला जाणंसुद्धा बंद करतील माझं."

"फादर, गेल्या वर्षभरात किती वेळा आत सोडलंय तुम्हाला?"

ते खाली बघायला लागले. वाईट माणूस नाही हो. घाबरलेला माणूस आहे, आणि आमच्याकडे न घाबरायला काही कारणही नाही. हळूच म्हणाले, "एदेल्मिराताईंना स्वयंपाकघरात घ्या. पुढच्या आठवड्यात पोसादा सुरू होतायत. त्याचं बघा."

पोसादाचं मीच बघते, दरवर्षी. नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी आम्ही मरिया-योसेफाच्या मूर्ती पाटावर घेऊन रोज एका घरापुढं जातो. बाळ जन्मायच्या आधी ती दोघं जशी दारोदार फिरली, तसा बाहेरचे गाऊन आसरा मागतात. आतले गाऊनच नाही म्हणतात. पुन्हा बाहेरचे मागतात, पुन्हा आतले हाकलतात, आणि शेवटच्या कडव्याला दार उघडतं. मग आत केळीच्या पानात उकडलेले तामाल आणि गरम कॉफी. एक मात्र आहे. दार उघडेपर्यंत गाणं थांबवायचं नाही. अर्ध्यात मोडलेली पोसादा गावाला बाधते, हे इथं पोराला बोलता यायच्या आधीपासून कानावर पडतं. आणि पोसादात फादर लागत नाही. ती लोकांची असते, आजी-पणजीच्या वेळेपासून.

घरं वाटायला बसलो तेव्हा एदेल्मिरा म्हणाली, "मी नेहमीसारखी आतच ना?" दरवर्षी ती आतच असते. तिच्यासारखी हाकलून लावणारी गावात दुसरी नाही. म्हातारे दचकतात.

आणि मला एकदम हसू आलं. आम्ही नऊ दिवस खोटी खोटी बंद दारं वाजवत फिरतो. आत तामाल शिजल्याचा वास बाहेर येत असतो. दार उघडणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गावात खरं बंद दार एकच होतं.

रविवारी मिस्सा सुटल्यावर मी चर्चच्या पायरीवर उभी राहिले आणि खणखणीत सांगितलं, "पहिली पोसादा टेकडीवर, तुरुंगाच्या फाटकापुढं. यायचं त्यानं यायचं. मूर्ती एदेल्मिरा उचलेल."

कापड दुकानवाले फुल्हेन्सियोशेठ तेवढे म्हणाले, "पहिली पोसादा माझ्या घरी असते, दरवर्षी!"

"तुमच्या घरी योसेफाला दार उघडंच असतं, फुल्हेन्सियोशेठ. तुम्ही या, बाहेरून गायची सवय करा."

फादर मागून आले, चेहरा पांढराफटक. "मावशी, परवानगी घेतलीत का?"

"योसेफानं घेतली होती?"

"मला येता यायचं नाही."

"मग नका येऊ. तुम्हीच शिकवलंत ना, चर्च म्हणजे एकटा फादर नव्हे?"

माझं बोलणं लागलं त्यांना. लागायलाच हवं होतं.

पहिल्या पोसादाला ऊन उतरायच्या आत निघालो. वाटलं होतं पाचदहा डोकी येतील, पण टेकडीचा चढ माणसांनी भरला. फुल्हेन्सियोशेठ नाही आले, त्यांची बायको आली. फाटकाशी पोचलो तर सकाळी परत पाठवलेल्या बायका अजून रस्त्याकडेला प्लास्टिक अंथरून बसलेल्या, पिशव्या मांडीवर. मूर्ती बघून त्याही उठल्या आणि डोक्यावर ओढण्या घेऊन आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. एदेल्मिरा पाट खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं. तिच्या शेजारी रुबेनिया, पंप मुठीत.

पहिलं कडवं गायलो. गिटार बेसूरच होती.

फाटकावरच्या झरोक्यातून एका शिपायानं तोंड काढलं. "ए! काय लावलंय हे? इथं थांबायचं नाही! चला, घरी जा आपापल्या!"

गिटार थांबली. शेजारची एक बाई मागं सरकायला लागली. तेवढ्यात एदेल्मिरा वळली आणि आम्हालाच ओरडली, "अशा बघताय काय? आतल्यांनी नकार दिला ना? रीतसर दिला! घ्या दुसरं कडवं!"

आधी कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळे हसले, आणि त्या हसण्यातच दुसरं कडवं उचललं, पहिल्यापेक्षा दुप्पट आवाजात.

शिपाई भडकला. "अरे ऐकू येत नाही का? कोण कुठले तुम्ही, मला काय माहीत? चोर असाल नाहीतर दरोडेखोर!"

हे म्हणाला मात्र, आणि त्याची जीभ टाळ्यालाच चिकटली असावी. कारण पोसादात दुसऱ्या नकाराला आतले नेमकं हेच म्हणतात. घरच्या दारामागं उभं राहून त्यानंही ते लहानपणी शंभरदा म्हटलं असणार. झरोक्यामागं त्याचाच जोडीदार फिदीफिदी हसल्याचं आम्हाला बाहेर ऐकू आलं.

"शाब्बास रे माझ्या राजा!" एदेल्मिरा म्हणाली. "कुठल्या गावचा तू? छान म्हणतोस. तिसरं घ्या गं!"

आता हाकललं तरी गाणं पुढं सरकत होतं. ते शिपायांच्याही ध्यानात आलं, आणि त्यांनी झरोका लावून घेतला. तिसरं कडवं झालं. आतून चकार शब्द नाही. आम्ही थांबलो. नकार आल्याशिवाय चौथं म्हणायचं कसं? रुबेनिया माझ्याकडे बघायला लागली. खरं सांगते, त्या घडीला मला वाटलं, संपलं, मी या बाईला दुसऱ्यांदा तोंडघशी पाडलं.

आणि तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. लांबून, बारीक. एका पुरुषाचा, मग चारपाचांचा, मग किती जणांचा कोण जाणे. आतले कैदी गात होते. तिसऱ्या नकाराचं कडवं, शब्द न शब्द बरोबर. पोसादात जे आत असतात त्यांनीच नाही म्हणायचं असतं, आणि आत तर तेच होते.

रस्त्याकडेच्या बायकांचा बांध फुटला. जी ती भिंतीकडे तोंड करून, रडत रडत चौथं कडवं गात होती. आतून उत्तर आलं. पत्रे, दारं बडवल्याचे आवाज यायला लागले.

फाटकातला लहान दरवाजा करकरला आणि कमांडंट बाहेर आला. तेवढ्यात चढावरून मोटरसायकल घरघरत आली. फादर विल्फ्रेदो! धापा टाकत उतरले. आम्हाला थांबवायलाच आले होते, हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

"बरं झालं आलात, फादर," कमांडंट म्हणाला. "आत सगळ्या कोठड्या उठल्यायत. ही तुमची माणसं. थांबवा त्यांना."

फादरांनी आमच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. आत कडवं संपत आलं होतं. त्यांनी हातातलं हेल्मेट मोटरसायकलवर ठेवलं.

"साहेब, पोसादा माझी नसते," ते म्हणाले. "ती यांची आहे. मी थांबा म्हटलं तरी त्या थांबणार नाहीत." आणि मग अगदी हळू, पण मला ऐकू आलं, "आणि मी म्हणणारही नाही."

वा रे पठ्ठ्या! त्या क्षणी मी त्यांना सगळं माफ करून टाकलं.

कमांडंट एदेल्मिराकडे वळला. "म्हातारे, हे कधी बंद होणार?"

"दार उघडल्यावर. तुझ्या आईनं शिकवलं नाही का तुला? थांबवायचंय ना? मग उघड."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. आत बडवणं वाढत होतं. शेवटी तो लहान दरवाजा पुरता उघडून उभा राहिला. "काय द्यायचंय ते द्या आणि निघा इथून!"

रुबेनियानं पंप पुढं केला. "एल्मेर. शेवटच्या कोठड्यांत असतो. बेकरीवाला." त्यानं तो मघाच्याच शिपायाकडे दिला आणि दरवाजा लावायला गेला, तर एदेल्मिरानं पाटासकट खांदा आत घातला.

"आसरा दिल्यावर पाहुण्याची विचारपूस करतात. पोरगा कसा आहे, ते ऐकल्याशिवाय आम्ही हलणार नाही."

"आजी, बाजूला हो!"

"मी भांडायला आलेय रे बाबा. चर्चनं पाठवलंय मला."

शिपाई आत गेला. आम्ही दार उघडल्यावरचं शेवटचं कडवं गात राहिलो, पण माझं लक्ष गाण्यात नव्हतं. रुबेनियानं माझा दंड इतका आवळून धरला होता की हात बधिर झाला. बऱ्याच वेळानं तो शिपाई परत आला. कोणाकडे बघत नव्हता. गाणं आपोआप थांबलं.

"दिला," तो म्हणाला. "दोनदा ओढला त्यानं. नीट बसलाय आता." मग रुबेनियाकडे न बघताच म्हणाला, "सांगायला सांगितलंय की आईला म्हणावं, चढ चढून येत जाऊ नकोस. तुझे गुडघे दुखतात."

रुबेनियाच्या घशातून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा कोण जाणे. मी तिला धरायला गेले, तर तिनं मला बाजूला सारलं. हो, मला! दरवाजापाशी गेली, कमांडंटच्या समोर उभी राहिली, आणि जन्मात कधी शेवटच्या रांगेपलीकडे न गेलेल्या त्या आवाजात भिंतीकडे बघून ओरडली,

"एल्मेर! माझे गुडघे माझे मी बघीन! उद्या येणार, परवा येणार, रोज येणार!"

टेकडीवर सगळीकडे ऐकू गेलं ते. आतून कोणीतरी ओरडून काहीतरी उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत.

कमांडंट माझ्याकडे बघायला लागला. "उद्या?"

"पोसादा नऊ दिवस असते, साहेब," मी म्हटलं.

एदेल्मिरा दरवाजातून इंचभरही हलली नव्हती. मागं वळून तिनं रस्त्याकडेच्या बायकांना हाक मारली, "अगं, वाट कसली बघताय? या की पुढं, दार उघडं आहे!" आणि त्या पिशव्या घेऊन पुढं आल्या.